मनगट, गडगा आणि आर्द्रा

साल दोन हजार एकोणीस. मला सत्तरावं लागलं होतं आणि उजव्या हाताने चहाचा कप उचलता येत नव्हता. हे दुसरं मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ते कळलं, कारण मी कप डाव्या हाताने धरायला लागलो होतो. तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "डाव्या हातान चाय गोड लागता." दुसऱ्या दिवसापासून तिने साखर कमी घातली.

मी गडगे घालणारा माणूस. आचऱ्याकडे आमची वाडी. गडगा म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण हल्ली आमचीच पोरं घाटावर राहून विसरलीत, म्हणून सांगतो. गडगा म्हणजे दगडांची कोरडी भिंत. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. दगडाला दगड लागतो, वजनाला वजन धरतं, मधल्या फटीत कपच्या ठोकून बसवायच्या. बागेला, परड्याला, घराच्या वाटेला कमरेएवढा गडगा घातला की गुरं आत येत नाहीत आणि पावसाचं पाणी मात्र फटींतून निघून जातं. माझी शाळा तिसरीपर्यंत. मला लिहिता-वाचता येतं ते पुढे मी माझ्या हट्टाने शिकलो. पण गडगा घालणं कोणाला मला दुसऱ्यांदा शिकवावं लागलं नाही. आमच्या पंचक्रोशीत मी घातलेले गडगे मी नुसते बघून ओळखतो, आणि दुसऱ्यांनी घातलेले त्याहून लवकर ओळखतो.

उजवं मनगट फार जुनं दुखणं. ऐन तरुणपणी चिऱ्यांच्या ढिगावरून घसरलो आणि सगळा भार तळहातावर आला. मनगट सुजलं. शेजारच्या गावात एक म्हातारी हात बसवून द्यायची, तिने तेल लावून चोळलं, पाला बांधला, आणि सांगितलं की मुरगळलंय. सूज उतरल्यावर मी कामावर गेलो. त्या दिवसापासून माझं मनगट मुरगळलेलं मनगट झालं. थंडीत दुखलं की मुरगळा. दगड उचलताना कळ आली की मुरगळा. चाळीसहून जास्त वर्षं मी तो मुरगळा सांभाळला. कोणी विचारलं तर सांगायचो, जरा अभिमानानेच सांगायचो, की मुरगळलेल्या हाताने मी इतके गडगे घातलेत.

दिवाळी झाल्यावर बायकोने ऐकलं नाही. मला ओरोसला, जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात, घेऊन गेली. हाडांचा डॉक्टर माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा. त्याने हाताचे फोटो काढायला लावले आणि संगणकावर मोठे करून दाखवले.

"काका, हे बघा. मनगटात आठ लहान हाडं असतात. चार-चारच्या दोन ओळी. त्यातलं हे नावेच्या आकाराचं. हे तुमचं कधीतरी मोडलंय आणि जुळलेलंच नाही."

"मोडला नाय. मुरगाळला होता."

"कधी?"

"तुमचो जन्म व्हायच्या आदी."

तो हसला, पण त्याने मुद्दा सोडला नाही. "मोडलंच होतं. ते न जुळल्यामुळे बाजूची हाडं जागा सोडून सरकत गेली. एकमेकांवर घासून झिजली. आता सगळं मनगट ढासळलंय."

ढासळलंय. हा शब्द माझ्या धंद्यातला. एवढी वर्षं तो मी लोकांच्या गडग्यांबद्दल वापरला होता.

"दुखणं दहापैकी किती आहे?" त्याने विचारलं.

"दुखना नाय."

"धा," बायको म्हणाली.

"तुका इचारल्यान काय?"

"काकू, त्यांना बोलू द्या."

"तेंका बोलूक दिलास तर ते सांगतले, हात दुसऱ्याचो आसा म्हणान."

डॉक्टरने मग दोन रस्ते सांगितले. पहिला असा, की मनगटातल्या पहिल्या ओळीतली तीन हाडं काढून टाकायची. मग मनगट थोडंफार वाकतं, पकड कमी होते. पण माझ्या दुसऱ्या ओळीतल्या मोठ्या हाडाचं डोकंही झिजलं होतं, तेव्हा ते किती दिवस टिकेल याची त्याला खात्री नव्हती. दुसरा रस्ता म्हणजे धातूची पट्टी आणि स्क्रू घालून सगळं मनगट एकजीव करायचं. ते पुन्हा कधीच वाकणार नाही. बोटं चालतील, हात पालथा-उताणा होईल, दुखणं जाईल, पकड राहील.

"दगडाचं काम करणाऱ्याला मी दुसरं सुचवीन," तो म्हणाला. "पण मनगटाला कायमचं कुलूप लागेल. ते पटायला पाहिजे."

"म्हंजे सिमेंट."

"तसं समजा."

"मगे नको. गडग्यात सिमेंट घालनत नाय."

मी त्याला नीट समजावून सांगितलं. सिमेंटची भिंत आधी मोठी ताठ दिसते. पण मागची तांबडी माती पावसात भिजली की तिचं पाणी कुठे जाणार? ते भिंतीला ढकलतं, भिंतीला पोट येतं आणि एखाद्या आषाढात ती एकदम फुटून रस्त्यावर पडते. कोरडा गडगा पडला तर एक कोपरा पडतो, तो पुन्हा घालता येतो. म्हणून जे काय करायचं ते सुट्या दगडांतच करायला पाहिजे. तीन काढा, पण बाकीचे सुटे ठेवा.

"मनगट म्हणजे गडगा नव्हे, काका."

"तुमी गडगो घातलास कधी?"

"नाही."

"मगे?"

बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टर रागावला नाही. त्याने मनगटाला बांधायचा एक कडक पट्टा दिला आणि सांगितलं, "हा बांधून काही दिवस घरातली कामं करून बघा. कुलूप घातल्यावर हात कसा वागेल त्याचा अंदाज येईल. मग ठरवा. आणि एक लक्षात ठेवा, ऑपरेशन कुठलंही करा, त्यानंतर पावसापर्यंत दगडाला हात लावायचा नाही."

पट्टा मी घरी आणला आणि छत्रीच्या खिळ्याला अडकवला.

त्याआधीच बाईचा गडगा पडला होता. बाई म्हणजे आमच्या शेजारची निवृत्त मास्तरीण. ख्रिस्ती कुटुंब, तिचा भाऊ गोव्यात, ती एकटी इथे. पहिली ते तिसरी आम्ही एका फळीवर बसलो. मी शाळा सोडली, ती शिकत गेली आणि पुढे माझ्याच मुलांना शिकवायला आली. म्हणून मी तिला बाई म्हणतो आणि अरे-तुरे करतो. सरत्या पावसात तिच्या परड्याचा रस्त्याकडचा गडगा आडवा झाला. भाऊ फोनवर सांगत होता की चिरे लावून सिमेंटची भिंत घालून टाक. ती मला बोलवायला आली तेव्हा मी तिला शब्द दिला. "पुढच्या पावसाच्या आदी तुझो गडगो उभो. कोरडो. सिमेंटाक हात लावूक देव नको."

तेव्हा मला वाटलं होतं की मनगट बसेल. आधीही बसत आलंच होतं. पण डिसेंबर लागला तरी मी तिच्या परड्यात एक दगड हलवला नव्हता. संध्याकाळी जायचो, पडलेल्या दगडांतून फिरायचो, हे पायाला, हे वर, अशी बोटाने वाटणी करायचो आणि तिच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून परत यायचो. तिची वांगी कोणाची तरी म्हैस खाऊन गेली होती. तरी बाई गडग्याचं नाव काढत नव्हती.

ती बोलायची आकाशाबद्दल. भावाने बोटीवर असताना घेतलेली दुर्बीण तिच्याकडे आहे. नोकरीत असल्यापासून तिला एक नाद. काही तारे उजेड कमी-जास्त करतात, ते ती बघत बसते. रूपविकारी तारे म्हणतात त्यांना, असं तिने मला सांगितलं. त्यातले काही म्हणे फुगतात आणि आकसतात, माणसाची छाती हलते तसे, आणि त्याप्रमाणे त्यांचा उजेड वर-खाली होतो.

"तारो म्हंजे काय पाव, भट्टीत फुगूक?" मी म्हटलं.

"तू हसतस. पण आर्द्रा बघ. ह्या वर्सा कितकी उणी झाली ती."

आर्द्रा म्हणजे मृगाच्या खांद्यावरचा तांबडा तारा. तो मला तिने दाखवायची गरज नव्हती. मी पोरगा असताना वडील भुईमुगाच्या राखणीला मळ्यात न्यायचे, तेव्हा त्यांनी तो दाखवला होता. पावसाचं आर्द्रा नक्षत्र ते याच ताऱ्याचं. साठ वर्षं मी तो बघत आलोय.

"काय एक उणी नाय. होती तशी आसा."

"रोहिणीपेक्षा उणी आसा."

"तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू आसा."

"दोनव डोळ्यांतले काढलंय मेल्या, म्हणान तर माका दिसता."

हे रोज चाललं. नाताळ जवळ आला होता, तिने दारात कागदाची मोठी चांदणी लावली होती, आत दिवा. मी म्हणायचो, तुझ्या या चांदणीच्या उजेडात तुला खरी चांदणी काय दिसणार? ती उठून दिवा बंद करायची. मी मान वर करायचो, तांबडा तारा मृगाच्या खांद्यावर असायचाच, आणि मी म्हणायचो, आसा थंयच आसा. मग म्हणायचो की तारा अजून खाली आहे, डोंगरावरच्या धुक्यातून बघतोय म्हणून मंद दिसतो. तेही अगदी खोटं नव्हतं. तिलाही ते मान्य होतं.

"मगे जेवन ये. तोवर ती वर चडता."

"माका दुसरी कामा नाय?"

"खंयची कामा करतस तू हल्ली?"

हे तिने सहज म्हटलं की मुद्दाम, ते मला आजही सांगता यायचं नाही. मी उठून घरी आलो. जेवलो, डाव्या हाताने, चमच्याने, बायकोकडे न बघता. आणि परत गेलो.

बाई पायरीवर शाल घेऊन बसली होती. मला बघून तिला काही नवल वाटलं नाही. तिने कागदी चांदणीचा दिवा बंद केला आणि म्हणाली, "एकट्या आर्द्रेक बघू नको. तिका बघून तुका काय कळाचा नाय. ती हुती तशीच दिसतली, कारण तुका ती म्हायत आसा. आधी रोहिणी बघ. मगे आर्द्रा. मगे परत रोहिणी."

तिची हीच पद्धत. तारा एकटा बघायचा नाही. त्याच्याहून थोडा उजळ एक आणि थोडा मंद एक, असे दोन शेजारी धरायचे आणि त्या दोघांत हा कुठे बसतो ते बघायचं. शेजारच्या ताऱ्यांचा उजेड बदलत नाही, म्हणून त्यांच्यावरून कळतं.

मी रोहिणी बघितली, आर्द्रेच्या शेजारची, एरवी तिच्याहून मंद. मग आर्द्रा. मग परत रोहिणी. आर्द्रा आता चांगली वर आली होती, धुक्याची सबब उरली नव्हती. मृगाचा दुसरा खांदा बघितला. तो नेहमीच मंद. आर्द्रा रोहिणीपेक्षा त्या दुसऱ्या खांद्याच्या जवळची वाटत होती. मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. एकदा डोळे चोळून बघितलं. रोहिणी उजळ होती. सरळ उजळ होती, पोरालाही सांगता आलं असतं.

त्या क्षणापर्यंत मी देवळात उभा राहून शपथ घेतली असती की आर्द्रा होती तशी आहे. आणि खोटी शपथ घेतोय असं मला वाटलं नसतं. एवढे दिवस मी रोज मान वर करत होतो, पण बघत नव्हतो. आर्द्रा कशी असते ते मला ठाऊक होतं, तेच मी तिथे बघून परत येत होतो.

"दिसला?" बाईने विचारलं.

"वायच उणी आसा."

"वायच?"

"बरीच उणी आसा. आता झाला?"

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल. म्हणाली, "मरूक नाय ती. परत उजळतली. काय लोक म्हणतत आता फुटतली. माका नाय वाटत." आणि पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास ती खरोखर उजळली, तेही मी बघितलं. नंतर कोणी म्हणालं की मध्ये धूळही आली होती. ते शिकलेल्यांचं शिकलेल्यांनी बघावं.

घरी येऊन मी छत्रीच्या खिळ्यावरचा पट्टा काढला. बायको अंथरूण घालत होती.

"अवो, आता पाऊस पडता काय?"

"छत्री नाय घेवक."

तिने माझ्या हातातला पट्टा बघितला आणि उशी झटकत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पट्टा बांधला. तो कडक होता, तरी मनगट थोडं हलतच होतं. घरात हलकी कामं करायला तो ठीक असेल, मला दगड उचलून बघायचा होता. मी बांबूच्या दोन कामट्या घेतल्या, एक वरून आणि एक खालून लावली, आणि बायकोकडून सुंभाने आवळून घेतलं. आता हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत एक काठी झाला. डॉक्टरने दगडाला हात लावू नको असं ऑपरेशननंतरचं सांगितलं होतं, आधीचं नव्हे. हा कायदा मी माझ्यापुरता लावून घेतला.

बाईच्या परड्यात गेलो आणि पायाचा एक दगड उचलला. उचलला आणि कळ यायची वाट बघत उभा राहिलो. एरवी दगड जमिनीपासून सुटला की ती यायची, अंगठ्याच्या मुळातून वर. आली नाही. मी दगड खाली ठेवला, त्याहून मोठा घेतला. आली नाही. पकड होती. बोटं दगडाला धरत होती, हात खांद्यापर्यंत भार वाहत होता आणि मधे काही ओरडत नव्हतं. किती वर्षांनी, ते मी मोजत बसलो नाही. मी फक्त तिसरा दगड घेतला.

आता उरलेलं सांगतो, नाहीतर कोणाला वाटेल की सगळं गोड झालं. गडग्यात दगड नुसता ठेवायचा नसतो. हातात फिरवून त्याचं तोंड शोधायचं असतं, आणि ते फिरवणं सगळं मनगटाचं. ते गेलं. पहिले काही दगड माझ्याकडून असे बसले, की दुसऱ्या कोणी बसवले असते तर मी हसलो असतो. मग कळलं की हात फिरत नाही तर आपण फिरायचं. पाय उचलून जागा बदलायची, कोपर बाहेर काढायचं, दगडाभोवती माणसाने जायचं. कपची ठोकायला हातोडी घेतली तर ती उडाली. मनगटाच्या झटक्याशिवाय हातोडी म्हणजे नुसतं लोखंड. डाव्या हातात घेतली आणि उजव्याच्या बोटावर मारली.

बाई पायरीवरून बघत होती. "काय रे, गडगो घालतस काय अंगात देव इलो?"

"गप रव गो, कामाचो माणूस आसा."

"काम खंय दिसत नाय, माणूस दिसता!"

दुपारी बायको जेवण घेऊन आली. तिथेच आंब्याखाली बसलो. भात, आमटी आणि बांगड्याचं तिखलं, म्हणजे माशाचं घट्ट कालवण. घास केला आणि तोंडाकडे नेला, तर हात तोंडापर्यंत वळेना. घास नाकासमोर थांबला. मी पुन्हा नेला. आमटी कोपरापर्यंत ओघळली. मग मीच मान खाली घातली आणि तोंड घासाकडे नेलं.

"ढोरासारा जेवतास," बायको म्हणाली. तिचा आवाज हसण्याचा होता आणि डोळे नव्हते.

"चमचो दी मगे."

"घरात चमच्यान जेवतास ता माका म्हायत नाय काय? कधीपासून?"

मी सांगितलं. कपाचं सांगितलं, दाराच्या कडीचं सांगितलं, सकाळी सदऱ्याची बटणं लावायला मी खोलीचं दार का लावतो ते सांगितलं. ती ऐकत राहिली आणि माझ्या कोपरावरची आमटी पदराने पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "मान खाली घातलास म्हणान काय झाला? ढोरा उपाशी मरनत नाय."

दिवस कलेपर्यंत पायाची एक ओळ झाली. मोठी नव्हे, दोन माणसं आडवी निजतील एवढी. पण मी तिच्यावर उभा राहिलो, नाचून बघितलं, आणि एक दगड हलला नाही. सुंभ सोडलं तेव्हा मनगट नेहमीसारखं दुखायला लागलं. सबंध दिवस जे नव्हतं ते गाठी सुटल्याबरोबर परत आलं. तिथेच, त्या ओळीवर बसून, माझं ठरलं. हाडं काढून सुटं ठेवायचं नाही. कुलूप घालायचं. गडग्यात सिमेंट घालत नाहीत हे मी आजही म्हणतो, आणि माझ्या गडग्यात कोणी घातलं तर त्याच्याशी भांडीन. पण मनगट म्हणजे गडगा नव्हे. तो डॉक्टर पोरगा म्हणाला होता ते बरोबर होतं. मी फक्त ते त्याच्या तोंडून घेणार नव्हतो, माझ्या हातून घेणार होतो.

राहिला बाईला दिलेला शब्द. तोच खरा जड होता. आता ऑपरेशन केलं तर पावसापर्यंत दगडाला हात नाही, म्हणजे गडगा होत नाही. गडगा आधी करायचा तर कामट्या बांधून सगळा उन्हाळा मनगट आणखी घासायचं, आणि मग डॉक्टर म्हणेल आता जोडायलाही काही उरलं नाही. आयुष्यात मी घेतलेलं काम सोडलं नव्हतं. एकदा ताप अंगात असताना मी लोकांचा गडगा पुरा केला होता. म्हातारपणी, तेही शेजारणीला, नाही म्हणायला जायचं.

मी तिच्या खळ्यात गेलो. बसलो नाही, उभाच राहिलो.

"बाई, ह्या पावसाच्या आदी तुझो गडगो होवचो नाय."

"बरा."

"बरा काय? मी शब्द दिल्लंय."

"मेल्या, माका गडगो होयो. तुझो शब्द घेवन मी काय करू, म्हशीक दाखवू?"

"भाव तुझो सिमेंट घालतलो."

"भाव गोव्यात आसा. परडा माझा आसा." तिने शाल सारखी केली. "ह्या वर्सा मी काट्यांची वई घालून घेतंय. पुढच्या वर्सा तू गडगो घाल. आणि आजची ती ओळ तशीच रव दी, तेच्यावयल्यान वई घालूया."

"ती ओळ बरोबर नाय. पयले दगड चुकले."

"मगे पुढच्या वर्सा काढ आणि परत घाल. तुका कामच होया ना?"

मग मी बसलो. तिने आतून चहा आणला, कपात नाही, पेल्यात, दोन्ही हातांनी धरता येईल असा. तिलाही ठाऊक होतं म्हणजे. सगळ्यांना ठाऊक होतं, मीच काय तो लपवत फिरत होतो. (काट्यांचं ते कुंपण त्या पावसाळ्यात टिकलं. गडगा पुढच्या वर्षी झाला. पहिल्या ओळीतले ते दगड मी काढले आणि नीट घातले. ज्याला बघायचा त्याने येऊन बघावा. हे लिहितोय तेही याच हाताने. मनगट वाकत नाही, पेन मात्र चालतं.)

घरी येऊन बायकोला सांगितलं, "फाल्या ओरोसाक जातंय."

"मी येतंय वांगडा."

"थंय तू डॉक्टराक धा सांगतलंस."

"सांगतलंय."

"सांग."

सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. निघण्याआधी मी बाईच्या परड्यात गेलो आणि एक दगड उचलून आणला. फार मोठा नव्हे, गडग्याच्या वरच्या थराला लागतो तसा, एका हाताने धरायचा. पिशवीत घातला. बायकोने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तिकिटासाठी सुट्टे काढायला लागली. कंडक्टरने पिशवी पायाने सरकवून बघितली, ती सहज सरकली नाही.

"काय हा काका, नारळ?"

"दगड."

"ओरोसात दगड नाय गावणत?"

"ह्यो नाय गावत."

डॉक्टर यायच्या आधी आम्ही बाकावर जाऊन बसलो. तो आला, मला ओळखलं, आत बोलावलं. बसा म्हणाला. मी बसलो आणि त्याने तोंड उघडायच्या आधी कोपर त्याच्या टेबलावर टेकलं. डाव्या हाताने पिशवीतला दगड काढला आणि उजव्या हातात दिला. कळ आली, ती येऊ दिली. दगड धरून मनगट थोडं मागे घेतलं, थोडं आणखी, बसवताना ते जसं राहायला पाहिजे तिथपर्यंत, आणि डाव्या हाताने ते तिथे पकडून ठेवलं.

"कुलूप घाला," मी म्हटलं. "पण हय घाला. ह्याच्या खाली नको, वर नको. हय धरल्यार माझ्या हातातसून दगड सुटाचो नाय."

त्याने एकदा दगडाकडे बघितलं आणि टेबलावरचे कागद बाजूला केले. खण उघडून कोन मोजायची पट्टी काढली, ती माझ्या मनगटाला लावली आणि खाली वाकून आकडा वाचायला लागला. मी दगड धरून होतो.